सर बार्टल फ्रियर आणि अर्ध्या आण्याचें पत्र

टपालाच्या दराचा इतिहास म्हणजे आण्यापैचा रुक्ष हिशेब, तो पोस्टमास्तरांनीं वाचावा, इतरांस त्याचें काय, असें पुष्कळांस वाटतें. आमचें मत निराळें आहे. ज्या देशांत दूरच्या गांवीं एक पत्र पाठविण्यास मजुराची अनेक दिवसांची मिळकत खर्ची पडते, त्या देशांत सरकारास, सावकारास आणि साहेबास मात्र तोंड असतें. बाकीची प्रजा मुकीच राहते. धान्याच्या भावावरून लोकांचें पोट भरलें कीं नाहीं हें कळतें. टपालाच्या भावावरून त्यांस एकमेकांशीं बोलतां येतें कीं नाहीं हें कळतें. हिंदुस्थानांतील ही स्थिति एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पालटली. तिचा आरंभ कलकत्त्यास झाला नाहीं, मुंबईसही झाला नाहीं. तो नुकत्याच जिंकलेल्या सिंध प्रांतांत झाला. आणि ज्या मनुष्यानें तो केला, त्यानें राज्यकारभाराचा पहिला धडा भीमा व नीरा यांच्या मधल्या आपल्या इंदापूर तालुक्यांत घेतला होता. सर बार्टल फ्रियर हें त्याचें नांव. मुंबईचे गव्हर्नर व गणेशखिंडीच्या राजवाड्याचे कर्ते म्हणून ते पुणेंकरांस ठाऊक आहेत. परंतु इंदापूर आणि अर्ध्या आण्याचें पत्र यांचा संबंध फारसा कोणाच्या ध्यानांत नाहीं, म्हणून हा प्रपंच.

हेन्री बार्टल एडवर्ड फ्रियर यांचा जन्म २९ मार्च १८१५ रोजीं वेल्समध्यें झाला. कंपनीच्या मुलकी नोकरांसाठीं हेलबरी येथें जें कॉलेज होतें, तेथें शिकून १८३४ सालीं त्यांची मुंबई इलाख्यांत नेमणूक झाली. त्या काळीं विलायतेहून येणारा मनुष्य आणि येणारें पत्र हीं दोन्ही सामान्यतः आफ्रिकेस वळसा घालून महिनेच्या महिने समुद्रावर असत. या एकोणीस वर्षांच्या तरुणानें ईजिप्तमधून जाण्याची परवानगी मागून घेतली, वाळवंट ओलांडलें, उघड्या होडींतून तांबड्या समुद्राचा प्रवास केला आणि मुंबई गांठली. सुएझचा कालवा खुला होण्यास तेव्हां पस्तीस वर्षें अवकाश होता. दळणवळणाचा जवळचा मार्ग शोधण्याची ही हौस त्यांस जन्मभर पुरली. देशी भाषांची परीक्षा देऊन ते १८३५ सालीं पुण्यास असिस्टंट कलेक्टर झाले आणि गोल्डस्मिडसाहेबांबरोबर जमीनमहसुलाच्या चौकशीच्या कामास लागले.

त्या वेळचा इंदापूर तालुका म्हणजे इंग्रजी राज्याची एक नामुष्कीच होती. पेशवाई जाऊन पुरतीं वीस वर्षेंही झालीं नव्हतीं. प्रिंगल नांवाच्या विद्वान अधिकाऱ्यानें पुस्तकी अर्थशास्त्राच्या आधारानें नवी आकारणी बसविली होती. प्रत्येक प्रतीच्या जमिनींतून पीक किती येतें, त्यांतून लागवडीचा खर्च वजा जातां निव्वळ उत्पन्न किती राहतें, हें काढावयाचें आणि त्याचे शेंकडा ५५ सरकारानें घ्यावयाचे, असा तिचा पाया. कागदावर हा हिशेब फार नीटस दिसे. परंतु मोजणी खोटी, प्रतबंदी लांचलुचपतीची, आणि त्यांतच धान्याचे भाव उतरलेले. परिणाम असा झाला कीं, दर वर्षीं सारा थके, तो वसूल करण्यासाठीं रयतेस मारहाण व छळ सोसावा लागे, आणि तरीही वसूल होईना तेव्हां सूट द्यावी लागे. सूट कोणास किती, हें तालुक्याच्या कारकुनांच्या लहरीवर. म्हणजे दर जबर ठेवल्यानें सरकारची तिजोरी भरली नाहीं. भरली ती मधल्या दलालांची. कुणबी घरदार टाकून शेजारच्या संस्थानी मुलखांत गेले आणि शेतें पडीक राहिलीं.

गोल्डस्मिड व त्यांचे जोडीदार इंजिनियर विंगेट यांनीं १८३६ पासून इंदापुरांत जी नवी आकारणी केली, तीच पुढें मुंबई इलाख्याच्या सर्व्हेची जननी ठरली. त्यांनीं निव्वळ उत्पन्नाचें कोडें सोडून दिलें. जमिनीचा रंग व खोली पाहून तिच्या प्रती पाडल्या, पाऊस व बाजारपेठ पाहून गांवांचे गट केले, दर हलका ठेवला, आणि मुख्य गोष्ट म्हणजे तो तीस वर्षेंपर्यंत वाढणार नाहीं असें अभिवचन दिलें. कोणत्या शेतास किती द्यावयाचें हें कुणब्यास आधीं कळूं लागलें. कारकुनाच्या दारीं उभें राहण्याचें कारण उरलें नाहीं. पडीक जमीन पुन्हां नांगराखालीं आली. विशींतल्या फ्रियरसाहेबांनीं हें सारें जवळून पाहिलें. जबर व अनिश्चित दरापेक्षां हलका व ठरलेला दर राजाला आणि प्रजेला दोघांनाही लाभतो, ही गोष्ट ग्रंथांत वाचणें वेगळें आणि ओसाड गांवांतून हिंडून शिकणें वेगळें.

आतां टपालाकडे वळूं. मराठी राज्यांत सरकारचे जासूद होते, सावकारांचे स्वतःचे कासीद होते. बारामतीस पेशव्यांचे सोयरे व सावकार नाईक यांचें ठाणें होतें. मोरोपंत त्यांच्याच आश्रयास राहिले. असल्या बड्या घराण्यांच्या हुंड्या व पत्रें त्यांच्या पदरच्या माणसांबरोबर जात. सामान्य मनुष्यानें कोणी यात्रेकरू, कोणी वाणी त्या वाटेनें जातो का, हें पाहात बसावें. कंपनीच्या राज्यांत वॉरन हेस्टिंग्जनें १७७४ सालीं सरकारी डाक पैसे घेऊन लोकांस खुली केली. शंभर मैलांस दोन आणे असा तिचा दर होता. पुढें १८३७ सालच्या १७ व्या आक्टानें पैसे घेऊन पत्रें पोंचविण्याचा हक्क सरकारनें सर्वस्वीं आपल्याकडे घेतला. दर मात्र अंतरावर आणि वजनावर राहिला. कलकत्त्याहून मुंबईस तोळाभर पत्रास एक रुपया, कलकत्त्याहून आग्र्यास बारा आणे. उलट सरकारी अधिकाऱ्यांचीं पत्रें फुकट जात, आणि त्या फुकटच्या पिशवींत खासगी पत्रेंही सरकलीं जात.

येथें कायद्याच्या दृष्टीनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. व्यापारी आपल्या दुकानांतील कापड वाटेल त्या भावानें विको. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं जाईल. परंतु ज्या सरकारनें इतर सर्व दुकानें कायद्यानें बंद करून आपलें एकच उघडें ठेवलें, त्याचा भाव हा भाव राहत नाहीं, तो कर होतो. आणि कर म्हटला कीं त्याचा जाब प्रजेला द्यावा लागतो. १८३७ च्या आक्टानें मक्ता घेतला, पण जबाबदारी घेतली नाहीं. इंदापुरांत प्रिंगलनें जें शेताचें केलें, तेंच कंपनीनें पत्राचें केलें होतें: दर जबर, आकार गुंतागुंतीचा, आणि फायदा वशिल्याच्या माणसांस.

योगायोग असा कीं त्याच १८३७ सालीं इंग्लंडांत रोलंड हिल यांनीं टपालसुधारणेवरील आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांनीं हिशेबानें दाखविलें कीं, पत्राचा खरा खर्च त्याच्या प्रवासांत नसून तें घेणें, त्यावर आकार मांडणें आणि पोंचविल्यावर पैसे वसूल करीत बसणें यांत आहे. तेव्हां अंतर कितीही असो, दर एकच ठेवावा, तो हलका असावा आणि पाठविणारानें आगाऊ भरावा. १८४० च्या जानेवारींत तेथें सर्वत्र एक पेनीचा दर सुरू झाला व मे महिन्यांत काळें तिकीट निघालें. सात समुद्रांपलीकडील राज्यकर्त्यांनीं आपल्या देशबांधवांस जें १८४० सालीं दिलें, तें हिंदी प्रजेस देण्याविषयीं मात्र कलकत्त्याच्या कचेऱ्यांत आणखी बरीच वर्षें नुसता पत्रव्यवहार चालला. तो पत्रव्यवहार अर्थात् सरकारी असल्यामुळें फुकट होता.

फ्रियरसाहेब इकडे १८४२ त मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांचे खासगी चिटणीस झाले, पुढें त्यांचे जांवई झाले, आणि नंतर साताऱ्याच्या दरबारीं रेसिडेंट म्हणून गेले. तेथें त्यांच्या न्यायबुद्धीची कसोटी लागली. १८४८ सालीं छत्रपति शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज वारले; मृत्यूपूर्वीं त्यांनीं दत्तक घेतला होता. दत्तक कायदेशीर आहे, असें फ्रियरसाहेबांचें मत होतें व तें त्यांनीं कळविलेंही. लॉर्ड डलहौसी यांनीं तें न जुमानतां राज्य खालसा केलें. आणि खालसा झालेल्या त्याच मुलखाचा कारभार पाहण्याचें काम फ्रियरसाहेबांनीं पत्करलें. नोकराची निष्ठा म्हणून कोणी याची तारीफ करील. आम्हांस ती करवत नाहीं. ज्याला अन्याय दिसला, त्यानें तो अमलांत आणण्याचें नाकारलें असतें तर साताऱ्याचें राज्य वांचलें नसतें हें खरें. पण त्याचें चरित्र अधिक उजळ झालें असतें.

१८५० च्या अखेरीस त्यांची नेमणूक सिंधचे कमिशनर म्हणून झाली. नेपियरनें १८४३ त तो प्रांत तलवारीनें घेतला होता; रस्ते नव्हते, बंदर नीट नव्हतें, आणि राज्यकारभार फारशींत चाले, जी सामान्य सिंध्यास कळत नसे. फ्रियरसाहेबांनीं कराचीच्या बंदराकडे लक्ष दिलें, कालवे उपसले, आणि सरकारी कामांत फारशीच्या जागीं सिंधी भाषा आणली. तिच्या लिपीचे नाना प्रकार होते. १८५३ त एक लिपि ठरवून त्यांत शाळांचीं पुस्तकें छापण्याची सोय झाली. लोकभाषेस कचेरींत स्थान देणें आणि लोकांच्या पत्रास हलका दर देणें, हीं दोन्ही कामें एकाच मनुष्यानें एकाच दोन-तीन वर्षांत केलीं, याकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधतों. लिहितां येण्याजोगी भाषा आणि पाठवितां येण्याजोगें पत्र, यांपैकीं एकावांचून दुसरें निरुपयोगी.

तेथील टपाल तोंवर धांवणाऱ्या हरकाऱ्यांवर चाले. फ्रियरसाहेब आणि कराचीचे पोस्टमास्तर कॉफी यांनीं प्रांतांत घोडे व उंट यांची डाक बसविली, सरकारी ठाण्यांतून पत्रें घेण्याची व वांटण्याची सोय केली, आणि १ जुलै १८५२ पासून पत्रास अर्धा आणा असा हलका दर सुरू केला. अर्धा आणा म्हणजे एक ढब्बू पैसा. तो आगाऊ भरल्याची खूण म्हणून वाटोळें तिकीट निघालें. त्यावर कंपनीच्या व्यापारी शिक्क्याचें बाणासारखें चिन्ह, आणि कडेनें सिंध जिल्हा डाकेचें नांव. हिंदुस्थानांतलेंच नव्हे, आशिया खंडांतलेंही हें पहिलें टपालाचें तिकीट. तें तीन तऱ्हांचें निघालें. तांबडें लाखेसारखें, तें ठिसूळ असल्यानें तुटे. पांढऱ्या कागदावर नुसतें उठविलेलें, तें अंधुक उजेडांत दिसत नसे. आणि तिसरें निळें. असल्या अडचणी हांसण्यासारख्या वाटतात खऱ्या, पण कोणतीही चांगली सोय पहिल्या दिवशीं पुरी ठाकठीक नसते.

इंदापूरचा धडा येथें कामास आला, असें आमचें अनुमान आहे. हिलसाहेबांची योजना फ्रियर यांच्यापुढें होतीच. परंतु ती हिंदुस्थानासारख्या गरीब देशांत चालणार नाहीं, येथें दर उतरविला तर खजिन्यास तोटा येईल, असें म्हणणारे थोडे नव्हते. दर उतरविल्यानें पडीक जमीन लागवडीस येते हें ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें, त्यास न लिहिलेलीं पत्रेंही एक प्रकारची पडीक जमीनच आहे हें दिसावयास वेळ लागला नसावा. अर्थात् या डाकेचा पहिला हेतु लोककल्याण हाच होता, असें कोणी समजूं नये. नव्या जिंकलेल्या प्रांताची बातमी कराचीस त्वरित यावी, ही राज्यकर्त्याची गरज होती. मात्र घोडे व उंट सरकारासाठीं धांवणारच होते. त्यांच्या पाठीवर ढब्बू पैशांत प्रजेचीही पत्रें घालावीं, हें ज्यास सुचलें त्यास त्याचें श्रेय दिलेंच पाहिजे.

सगळ्या देशाच्या टपालाची चौकशी करण्यास १८५० त एक कमिशन बसलें होतें. बंगाल, मद्रास व मुंबई या इलाख्यांचे तीन अधिकारी त्यावर होते. त्यांनीं पुढच्या वर्षीं सबंध देशास वजनावर एकच दर व आगाऊ तिकीट यांची शिफारस केली. तीवरून १८५४ सालचा १७ वा आक्ट झाला, आणि १ आक्टोबर १८५४ पासून पाव तोळा पत्रास अर्धा आणा, अर्ध्या तोळ्यास एक आणा, तोळ्यास दोन आणे असा दर पेशावरपासून कन्याकुमारीकडील मुलखापर्यंत कंपनीच्या सर्व राज्यांत लागू झाला. तिकीट न लावतां टाकलेल्या पत्रास दुप्पट. ज्या तोळाभर पत्रास कलकत्त्याहून मुंबईपर्यंत रुपया पडे, त्यास दोन आणे पडूं लागले. म्हणजे दर एकदम आठव्या हिश्शावर आला. अधिकाऱ्यांची फुकटेगिरीही त्याच वेळीं मोडली. सिंधचें वाटोळें तिकीट बंद झालें, कारण त्याचें काम आतां सबंध देशांत होणार होतें. हा आक्ट करणारे गव्हर्नर-जनरल म्हणजे साताऱ्याचें राज्य गिळणारे तेच डलहौसी. एका हातानें राज्य घेतलें आणि दुसऱ्या हातानें टपाल दिलें; इतिहासानें दोन्हींची नोंद ठेवली आहे, आणि आम्हीही दोहोंपैकीं एक खोडून दुसरी ठेवणार नाहीं.

या ढब्बू पैशानें काय केलें, हें आमच्या व्यापारी बंधूंस सांगावयास नको. पुण्या-मुंबईचा भाव बारामतीच्या बाजारांत येण्यास कासीद पदरीं ठेवण्याची गरज उरली नाहीं. लहान अडत्या आणि मोठा सावकार टपालपेटीपुढें सारखेच झाले. नोकरीसाठीं दूर गेलेल्या मुलाचें पत्र घरीं येऊं लागलें. बैरंग पत्रें टाकून दुप्पट भुर्दंड समोरच्याच्या गळ्यांत घालणारे महाभागही निपजले. तो स्वभाव कोणत्याही आक्टानें जात नाहीं. वर्तमानपत्रांस तर टपाल म्हणजे पाय. १८४९ चा 'ज्ञानप्रकाश' काय किंवा १८८१ चा 'केसरी' काय, यांचे अंक पुण्याच्या पेठांबाहेर तालुक्यांपर्यंत गेले ते टपालाच्या थैल्यांतून. ज्या सोयीनें कलेक्टराचा हुकूम मामलेदारास पोंचे, त्याच सोयीनें त्या हुकुमावरची टीकाही पोंचूं लागली. हें फळ डलहौसी किंवा फ्रियर यांच्या मनांत असेल असें वाटत नाहीं.

१८५७ च्या वेळीं फ्रियर यांनीं सिंधमधील बहुतेक गोरी फौज पंजाबाकडे पाठविली व तिकडचें इंग्रजी राज्य सांवरलें. त्याबद्दल त्यांस पदवी मिळाली व पुढें कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत जागा मिळाली. १८६२ पासून १८६७ पर्यंत ते मुंबईचे गव्हर्नर होते. मुंबईच्या किल्ल्याचे तट त्यांच्याच कारकीर्दींत पडले आणि नवें शहर उभें राहिलें. पुण्यांत डेक्कन कॉलेजाच्या इमारतीचें काम त्यांनीं हातीं घेतलें. पण त्याच काळीं अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचा भाव चढला, मुंबईंत शेअरांचा सट्टा माजला, आणि १८६५ त तो फुगा फुटल्यावर बँक ऑफ बॉम्बे बुडाली. गव्हर्नरानें वेळीं लगाम घातला नाहीं, हा ठपका त्यांजवर आला व तो वाजवी होता. गणेशखिंडीच्या राजवाड्यास १८६४ त आरंभ झाला. त्यावरील उधळपट्टीबद्दल पार्लमेंटांतही ओरड झाली. आज त्या वास्तूंत पुणें विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, एवढेंच त्या खर्चाचें चीज.

आणि इंदापूर? तेथील तीस वर्षांची मुदत संपून १८६७ त, म्हणजे फ्रियरसाहेबांनीं गव्हर्नरी सोडली त्याच सालीं, फेरआकारणी झाली. कापसाच्या तेजीचे चढलेले भाव हिशेबांत धरून सारा वाढविला. तेजी लवकरच ओसरली, सारा तसाच राहिला. कुणबी पुन्हां सावकाराच्या वहींत गेला. १२ मे १८७५ रोजीं सुप्यास, जें गांव आज बारामती तालुक्यांत आहे, रयतेनें सावकारांचीं दप्तरें व दस्तऐवज जाळले, आणि दंगा पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. त्याच्या कारणांत वाढलेल्या साऱ्याचाही हात होता, हें पुष्कळ जाणत्यांनीं दाखविलें. शेवटीं सरकारासही दर उतरवावे लागले. हलक्या व निश्चित दराचा जो धडा १८३६ त याच तालुक्यानें सरकारास शिकविला, तो सरकार तीस वर्षांत विसरलें होतें. आमचे सावकार बंधू या दंग्याची आठवण काढतांना कुणब्यास दोष देतात. त्यांनीं सुप्याच्या आधींचें इंदापूरही पाहावें, इतकेंच आमचें म्हणणें.

फ्रियरसाहेबांचें उत्तर आयुष्य हिंदुस्थानाबाहेर गेलें. १८७३ त झांजिबारच्या सुलतानाशीं गुलामांचा व्यापार बंद करण्याचा तह घडवून आणण्यांत त्यांचा मोठा वांटा होता, आणि हें त्यांचें कृत्य निर्मळ आहे. नंतर १८७७ त ते दक्षिण आफ्रिकेंत हायकमिशनर झाले. तेथें झुलू राजा सेटेवायो यास त्यांनीं १८७८ च्या डिसेंबरांत अशा अटी घातल्या, कीं त्या मान्य करणें म्हणजे राज्य सोडणेंच होतें. विलायत सरकारची परवानगी न घेतां त्यांनीं लढाई ओढवली, आणि जानेवारी १८७९ त इसांडलवाना येथें इंग्रजी फौजेचा संहार झाला. शेतावर व पत्रावर जबर आकार बसवूं नये हें जाणणाऱ्या मनुष्यानें एका स्वतंत्र लोकसमूहावर अशक्य आकार बसविला. विलायत सरकारनें त्यांस दोष दिला व १८८० त त्यांस परत बोलाविण्यांत आलें. २९ मे १८८४ रोजीं विंबल्डन येथें त्यांचा अंत झाला.

झुलूंचा शेवटचा मोड ४ जुलै १८७९ रोजीं उलुंदी येथें झाला. त्याच्या तीनच दिवस आधीं, १ जुलै रोजीं, हिंदुस्थानांत पाव आण्याचें कार्ड सुरू झालें होतें. सिंधच्या तिकिटालाही त्या दिवशीं बरोबर सत्तावीस वर्षें पुरीं झालीं. मध्यंतरीं अर्ध्या आण्यांत जाणाऱ्या पत्राचें वजन पाव तोळ्यावरून अर्धा तोळा झालें होतें, पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं तें तोळाभर झालें. दर मात्र तोच राहिला. फ्रियरसाहेबांच्या मागें तो अडतीस वर्षें टिकला. १९२२ सालीं, महायुद्धानंतरच्या तुटीचें निमित्त करून, सरकारनें तो एक आणा केला, आणि पाव आण्याच्या कार्डास अर्धा आणा घेण्यास सुरुवात केली.